अर्जावरचा चेहरा

नोकरीचा असो, शिष्यवृत्तीचा असो की परीक्षेचा असो, कोणताही अर्ज घ्या. त्यात एक रिकामा चौकोन हमखास असतो. नाव, गाव, जन्मतारीख, गुण हे सारे आपण अक्षरांनी भरतो. तो चौकोन मात्र चेहऱ्याने भरावा लागतो. कागदाचे अर्ज जाऊन आता पडद्यावरचे अर्ज आले, डिंकाची बाटली गेली, पण तो चौकोन काही गेला नाही. अर्जातील बाकीची माहिती आपण दहा जणांना विचारून, सरांकडून तपासून भरतो. फोटोसाठी मात्र शेवटच्या दिवशी धावतपळत स्टुडिओत शिरतो, तिथल्याच कंगव्याने केस सारखे करतो, तिथलीच पावडर तोंडाला फासतो, खुंटीवरचा सगळ्यांचा कोट अंगात अडकवतो आणि स्टुलावर बसतो. एक लखकन उजेड पडतो. झाले! पुढची दोन-तीन वर्षे तोच चेहरा आपल्या वतीने ठिकठिकाणी हजेरी लावणार असतो.

हा विषय वार्षिकांकात लिहिण्याइतका मोठा आहे का, असे कुणी विचारील. मलाही तसेच वाटत होते. परंतु गेल्या वर्षी बारावीच्या पात्रतेवरील एका भरती परीक्षेला गेले असता पर्यवेक्षकांनी माझ्या प्रवेशपत्राकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, पुन्हा प्रवेशपत्राकडे पाहिले आणि विचारले, "ही तूच का?" त्या फोटोत मी चांगली गोरीपान होते! स्टुडिओत मी न सांगताच माझा रंग उजळून दिला गेला होता, आणि मीही तेव्हा मनातून सुखावले होते. मला बाजूला उभे केले गेले, आधार कार्ड पाहिले गेले, वरिष्ठांना बोलावले गेले. आठ-दहा मिनिटांत प्रश्न मिटला; पण माझे हात पुढचा अर्धा तास थरथरत होते. पेपर कसा गेला हे सांगायला नकोच. त्यानंतर मी या विषयाच्या मागे लागले. जे समजले ते येथे मांडत आहे.

प्रथम थोडा इतिहास. १८३९ साली पॅरिसमध्ये डाग्वेर यांची छायाचित्रणाची रीत जाहीर झाली. त्या काळी चित्र उमटायला एवढा वेळ लागे की माणसाला हलू न देण्यासाठी खुर्चीच्या मागे लोखंडी आधार उभा करून त्याच्या चिमट्यात डोके टेकवीत. जुन्या चित्रांतले लोक एवढे गंभीर का दिसतात, याचे एक कारण हे आहे. इतका वेळ हसू टिकवणार कोण? १८५४ साली पॅरिसच्याच दिस्देरी या छायाचित्रकाराने एका काचेवर अनेक लहान चित्रे घेण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि फोटो स्वस्त झाला. त्याच वर्षी आपल्या मुंबईत बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या काळातील नामांकित हौशी छायाचित्रकार होते. म्हणजे ही विद्या आपल्याकडे येण्यास फार वेळ लागला नाही. ती आपल्या घरापर्यंत येण्यास मात्र फार वेळ लागला.

तोवर फोटो ही हौस होती. ती ओळखीची खूण झाली ती सरकारांमुळे. पॅरिसच्या पोलिसखात्यातील बेर्तियाँ यांनी १८८० नंतरच्या दशकात गुन्हेगारांचे समोरून व बाजूने, ठरावीक अंतरावरून आणि ठरावीक उजेडात फोटो घेण्याची पद्धत बसवली. पहिल्या महायुद्धात, १९१५ पासून, ब्रिटनने पासपोर्टवर फोटो सक्तीचा केला. आपल्याकडे १९९३ साली मतदारांसाठी छायाचित्र असलेले ओळखपत्र आले. २०१० साली देशातील पहिले आधार क्रमांक दिले गेले ते आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात. ज्यांच्या घरी लग्नाचासुद्धा फोटो नव्हता अशा कित्येक माणसांचा पहिला फोटो हा असा सरकारी आहे. माझ्या वडिलांचाही तसाच आहे. मतदार ओळखपत्रावरचा, आणि त्यात त्यांचे डोळे अर्धे मिटलेले आहेत.

आता मूळ मुद्दा. फोटो आपल्यासारखा का येत नाही? "माझा फोटो चांगला येतच नाही" असे म्हणणारे निम्मे लोक असतात. याचे पहिले कारण आरसा आहे. आपण आपला चेहरा जन्मभर आरशात पाहतो, म्हणजे डावे-उजवे उलटलेला पाहतो. आपला भांग, गालावरचा तीळ, किंचित वाकडी भुवई हे सारे फोटोत दुसऱ्या बाजूला जाते आणि चेहरा परका वाटतो. १९७७ साली अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी काही जणींना त्यांचा सरळ फोटो आणि उलटा केलेला फोटो असे दोन्ही दाखवले. त्यांना स्वतःला उलटा, म्हणजे आरशातला चेहरा अधिक पसंत पडला. त्यांच्या मैत्रिणींना मात्र सरळ. ज्याला जे पाहण्याची सवय त्याला ते गोड! तेव्हा फोटो पाहून आपल्याला धक्का बसला तरी जग आपल्याला तसेच पाहत आले आहे आणि त्याची काही तक्रार नाही, हे ध्यानी ठेवावे.

दुसरे कारण अंतराचे. हात लांब करून मोबाइलवर स्वतःचा फोटो घेतला की नाक मोठे आणि कान लहान दिसतात. यात नाकाचा दोष नाही. कॅमेरा एका फुटावर असला तर नाक त्याला कानांपेक्षा बरेच जवळ असते आणि जवळची वस्तू मोठी दिसते. तोच कॅमेरा पाच फुटांवर नेला तर नाक आणि कान यांच्या अंतरातला फरक नगण्य होतो. २०१८ साली अमेरिकेतील डॉक्टरांनी गणित मांडून दाखवले की पाच फुटांच्या तुलनेत एका फुटावरून घेतलेल्या फोटोत नाक सुमारे ३० टक्के रुंद भासते. म्हणून अर्जासाठी स्वतःच स्वतःचा फोटो काढू नये. दुसऱ्या कुणाला चार-पाच फुटांवर उभे करावे.

तिसरे कारण उजेडाचे. डोक्यावरच्या दिव्याने किंवा दुपारच्या उन्हाने डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली सावल्या पडतात. विशीतला माणूस चाळिशीचा दिसू लागतो. समोरून सरळ मारलेला फ्लॅश चेहऱ्याचे चढउतार पुसून टाकतो आणि तो पापडासारखा सपाट करतो. स्टुडिओत पांढरी छत्री लावलेली असते ती याचसाठी. दिव्याचा उजेड तिच्यावर आपटून पसरतो आणि सावल्या मऊ होतात. ढगाळ दिवशी उजेड असा मऊ का असतो, हे यावरून कळेल. त्या दिवशी सगळे आभाळच छत्री झालेले असते.

येथे सावळ्या आणि काळ्या वर्णाविषयी बोलले पाहिजे, कारण आपल्या महाविद्यालयात बहुसंख्य आपणच आहोत. कॅमेरा निःपक्षपाती असतो असा आपला समज असतो. तो पूर्ण खरा नाही. जुन्या काळच्या कृष्णधवल फिल्मपैकी अनेकींना लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे सावळी त्वचा होती त्यापेक्षा काळी उमटे. पुढे रंगीत फिल्म आली तेव्हा छपाईचे रंग जुळवण्यासाठी कोडॅक कंपनी प्रयोगशाळांना जी नमुना चित्रे पाठवी, त्यांत कित्येक वर्षे गोऱ्या स्त्रीचाच चेहरा असे. तो चेहरा बरोबर आला की यंत्र बरोबर, असा हिशेब! आजही कॅमेरा आपोआप उजेड मोजतो तेव्हा समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे धरून चालतो. मागे पांढराशुभ्र पडदा असला की तो म्हणतो, फार उजेड झाला. आणि सगळेच दृश्य मंद करतो. पडदा करडा होतो आणि सावळा चेहरा काळवंडतो. यावर उपाय चेहरा गोरा करणे हा नसून चेहऱ्यावर पुरेसा उजेड देणे हा आहे. जाणता छायाचित्रकार चेहऱ्यावरचा उजेड मोजतो, पडद्यावरचा नव्हे. मोबाइलवरही पडद्यावर चेहऱ्याच्या जागी बोट टेकले की त्या जागेचा उजेड मोजला जातो. नीट उजेडात काढलेला काळा चेहरा फोटोत देखणा आणि ठसठशीत दिसतो, हे मी आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले आहे.

आता पूर्वतयारी. केस कापायचे असतील तर तीन-चार दिवस आधी कापावेत. त्याच दिवशी कापले तर कानामागची पांढुरकी कड फोटोत दिसते. आदल्या रात्री नीट झोपावे. सुजलेल्या डोळ्यांवर पावडरीचा इलाज नाही. मुलांनी दाढी करायची असेल तर काही तास आधी करावी, म्हणजे लाली उतरते; ठेवायची असेल तर कडा नीट कराव्यात. ज्या रूपात पुढे परीक्षेला किंवा मुलाखतीला जाणार, त्याच रूपात फोटो काढावा हे उत्तम. केसांना तेल चोपडून जाऊ नये. तेलावर उजेड चमकतो आणि केसांत पांढरे पट्टे उमटतात. मुलींनी केस असे बांधावेत की कपाळ, भुवया आणि चेहऱ्याच्या दोन्ही कडा मोकळ्या राहतील. टिकली, चमकी, कानातले रोजचे असतील ते खुशाल असू द्यावे. फार लखलखणारे मात्र टाळावे.

पावडरीचे म्हणाल तर घामाची चकाकी टिपण्यापुरती हरकत नाही, पण त्याहून चांगला स्वच्छ सुती रुमाल. पांढरी पावडर सावळ्या चेहऱ्यावर फ्लॅशच्या उजेडात राखेसारखी दिसते. उन्हापासून बचावाच्या काही क्रीममध्ये झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइड असते. ते उजेड परतवते, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारा पांढरा थर फोटोत दिसतो. त्या दिवशी साध्या पाण्याने तोंड धुऊन जावे, हे सर्वांत सोपे.

कपड्यांविषयी आपली मोठी चूक म्हणजे पांढरा सदरा. पांढऱ्या पडद्यापुढे पांढरा सदरा विरघळून जातो आणि मुंडके अधांतरी तरंगते. निळा, गडद हिरवा, मरून, राखाडी असा एकरंगी कपडा चांगला. अगदी बारीक चौकटी किंवा रेघा असल्या तर पडद्यावर त्यांच्या जागी नागमोडी लाटा दिसू लागतात. भडक लाल किंवा पोपटी रंगाची झाक हनुवटीखाली पडते. छातीवर अक्षरे असलेला टीशर्ट नको. कॉलर इस्त्रीची असावी. बाकी सदरा चौकोनात येतच नाही, तेव्हा नव्या कपड्यांसाठी घरी हट्ट धरण्याचे कारण नाही. ओढणी किंवा पदर दोन्ही खांद्यांवर सारखा बसेल असा टाचून घ्यावा.

आणि तो खुंटीवरचा कोट? तो आपल्या मापाचा नसतो. खांद्यावर उचललेला राहतो आणि मान आखूड दिसते. अलीकडे संगणकावर कोट चिकटवून देतात. त्यात गळ्यापाशी जोड दिसतो आणि पाहणाऱ्याला तो लगेच कळतो. आपल्या घरात कोणी कोट घातला नाही म्हणून फोटोत तरी घालावा असे वाटणे मी समजू शकते. पण धुतलेला, इस्त्रीचा, आपल्या मापाचा सदरा कोणत्याही उसन्या कोटापेक्षा अधिक अदबशीर दिसतो.

चष्मा असेल तर काचांवर उजेडाचे ठिपके येणार नाहीत हे पाहावे. चष्म्याच्या काड्या कानांवर किंचित वर उचलल्या की काचा खाली झुकतात आणि चकाकी जाते. उन्हात काळ्या होणाऱ्या काचा असतील तर सावलीत पाच-दहा मिनिटे बसून मगच फोटो काढावा, नाहीतर डोळे दिसणार नाहीत.

बसण्याची रीत अशी. पाठ ताठ, खांदे सैल. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर. खालून घेतला की नाकपुड्या दिसतात, वरून घेतला की माणूस केविलवाणा दिसतो. डोके मागे खेचू नये. तसे केले की हनुवटीखाली घडी पडते. कपाळ किंचित पुढे आणि हनुवटी किंचित खाली घेतली की चेहरा रेखीव दिसतो. डोळे मिटण्याची सवय असेल त्याने डोळे मुद्दाम मिटावेत, तीन म्हणताच उघडावेत. दात दाखवायचे नाहीत, पण कपाळाला आठ्याही नकोत. ओळखीचे माणूस दाराशी आले असता चेहरा जसा मोकळा होतो तेवढा पुरे.

"मान वर करा, इकडे बघा" हे छायाचित्रकाराचे नेहमीचे वाक्य. आम्हा मुलींना ते अवघड जाते. अनोळखी माणसापुढे मान खाली घालावी हे लहानपणापासून अंगात मुरवलेले असते. आईच्या एकुलत्या एका लग्नातल्या फोटोत तिचा चेहरा दिसतच नाही, फक्त मुंडावळ्या दिसतात. साहेबापुढे, सावकारापुढे मान खाली घालण्याची सवय पुरुषांनाही असते. वडिलांचे अर्धे मिटलेले डोळे मला आता तसे वाटतात. म्हणून सांगते, आरशापुढे दोन दिवस सरावाने सरळ पाहावे. यात उद्धटपणा काही नाही.

आता नियम. आपल्याकडे ज्याला पासपोर्ट साईज म्हणतात तो साधारणतः साडेतीन सेंटिमीटर रुंद आणि साडेचार सेंटिमीटर उंच असतो. बँक भरतीच्या आयबीपीएस परीक्षांच्या सूचनांत पांढऱ्या किंवा फिक्या पार्श्वभूमीवरचा रंगीत फोटो, २०० गुणिले २३० पिक्सेल आणि २० ते ५० केबी एवढी फाइल मागितली जाते. टोपी, काळा चष्मा चालत नाही. धार्मिक कारणाने डोके झाकलेले चालते, पण चेहरा झाकलेला नसावा. कर्मचारी निवड आयोगाने तर २०२४ पासून अर्ज भरतानाच कॅमेऱ्यापुढे बसून थेट फोटो घेण्याची पद्धत सुरू केली आहे. प्रत्येक जाहिरातीत नियम निराळे असतात, तेव्हा आधी जाहिरात वाचावी, मग स्टुडिओत जावे. मूळ फाइल मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. कारण अर्जावर जो फोटो, त्याच्याच प्रती परीक्षेच्या दिवशी पुष्कळदा मागतात.

आणि स्टुडिओत शिरताच एक वाक्य स्पष्ट सांगावे : "रंग बदलू नका." रिटचिंग ही काही नवी गोष्ट नाही, पूर्वी निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने सुरकुत्या आणि डाग मिटवीत. आज कालपरवा उठलेली पुटकुळी पुसली तर कोणाचे बिघडत नाही, कारण ती आठवड्याने जाणारच असते. जे जाणार आहे ते पुसावे. जे राहणार आहे ते ठेवावे. तीळ, व्रण आणि वर्ण हे राहणारे आहेत. चेहरे उजळवणाऱ्या एका प्रसिद्ध क्रीमच्या नावातून 'फेअर' हा शब्द कंपनीने २०२० साली काढून टाकला. डबीवरून शब्द गेला, तरी स्टुडिओच्या संगणकातून आणि आपल्या मनातून तो अजून गेलेला नाही.

कुणी म्हणेल, पण उजळ चेहऱ्याचा प्रभाव पडतो त्याचे काय? चेहरा पाहून लोक मत बनवतात हे खरे आहे. २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की एखादा चेहरा सेकंदाच्या दहाव्या भागाएवढा वेळ दिसला तरी माणूस त्याच्या विश्वासूपणाबद्दल मत ठरवून मोकळा होतो. ते मत बरोबर असते असे मात्र नव्हे. तेव्हा फोटो नीटनेटका असावा, हे व्यवहाराला धरून आहे. पण फोटोने दुसराच माणूस पाठवला तर दारात गेल्यावर खऱ्या माणसाला खुलासा करत बसावे लागते. मी तो केला आहे.

शेवटी एक विनंती. अर्ज भरण्याच्या दिवसांत आपल्यापैकी कित्येकांचा एक दिवस आणि एसटीचे भाडे केवळ फोटोपायी जाते. खरे तर उत्तरेकडच्या एखाद्या वर्गाची खिडकी त्यासाठी पुरेशी आहे, कारण तिकडून बहुतेक दिवस थेट ऊन आत येत नाही. खिडकीकडे तोंड करून स्टूल ठेवावे. पाठीमागे तीन-चार फुटांवर पांढरी चादर ताणावी, म्हणजे तिच्यावर सावली पडणार नाही. फोटो काढणाऱ्याने खिडकीलगत, किंचित बाजूला उभे राहून मोबाइलच्या मागच्या कॅमेऱ्याने चार-पाच फुटांवरून फोटो घ्यावा. चेहरा सुंदर करणारी सोय बंद ठेवावी. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकांनी वर्षातून दोन दिवस हे केले तर शंभर-दोनशे विद्यार्थ्यांची सोय होईल. प्राध्यापक मंडळींनी याचा विचार करावा. चादर मी घरून आणीन.

माझा तो पहिला, गोरापान फोटो आईला दाखवला तेव्हा तिने तो उजेडात धरून विचारले होते, "ही कुणाची गं पोरगी?" तेव्हा मी हसले होते. या दिवाळीनंतर मावसभावाकडून घराच्या ओट्यावर, सावलीत, निळ्या कुडत्यात दुसरा फोटो काढून घेतला. तोही तिला दाखवला. ती काही बोलली नाही. पदराने हात पुसून तिने तो घेतला आणि म्हणाली, "याची एक कापी मला दे."